ताटं दोनच

नऊ जणांना बोलावून बसले
आणि मग मोजलं : ताटं दोनच.
खुर्च्या तीन, त्यातली एक निहारच्या गृहपाठाची.
बाकी सगळं जुन्या घरात राहिलं,
फडताळ, त्यातला डिनरसेट,
आणि त्याची यादी करणारा माणूस.

लॉरेटा कुंपणापलीकडून म्हणाली,
ताटं कशाला लागतात, बाई?
एक मोठं पातेलं आणि चार जुने पेपर,
एवढ्यावर आमच्यात लग्नं उरकली आहेत.

पातेलं तिचंच. एका कानाशी पोचा,
आत जाळीची टोपली,
निहार मांडी घालून बसला असता एवढी.
मागच्या अंगणात गॅसची शेगडी घुमायला लागली.
या गावाचं नावच थंडरबोल्ट,
वीज पडून इथे झरा फुटला म्हणतात.
मी आले ती होड्यांच्या धक्क्याजवळ
भाडं कमी होतं म्हणून.

मीठ टाकताना माझा हात आखडला.
लॉरेटानं डबाच हिसकावला :
पाण्याला आपण समुद्र आहोत असं वाटलं पाहिजे.
लिंबं सालासकट, लसणाचे अख्खे गड्डे,
तमालपत्र, आणि तो लाल मसाला.
ठसक्यानं डोळ्यांतून धारा.
कुणी काही विचारलं नाही,
विचारण्यासारखं काही नव्हतंच.

आधी बटाटे. मग सॉसेज, मग कणसं मोडून.
मग खेकडे. त्यांना निहारनं सकाळपासून नावं ठेवली होती,
एकानं बोट धरल्यावर तर दुसऱ्या अर्थानंही.
नाव असलेले दोघे शेवटी नदीत सोडावे लागले.
कोलंबी सगळ्यात शेवटी.
तिला शिजवायचं नाही, नुसतं पाणी दाखवायचं,
तिनं अंग चोरलं की गॅस बंद.
आणि मग वीस मिनिटं काहीच करायचं नाही.
मसाला उकळताना मुरत नाही,
निवताना मुरतो.
एकोणीस वर्षं मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

लॅबमधला डुक, त्याची बायको, तान्ही मुलगी.
जॅक्सनव्हिलहून कौमुदी पाळंदे, शाकाहारी,
स्वतःचं कणीस स्वतःच्या पातेलीत,
कुरकुर नाही, उपदेश नाही.
पोस्टातला बेनी, ज्याला मी
भिडेखातर बोलावलं होतं;
टेबल नाही म्हणताच त्यानं
कपाटाचं दार बिजागरीतून काढलं
आणि दोन लाकडी घोड्यांवर आडवं केलं.

पेपर लॉरेटाच्या नवऱ्याचे.
रॉस्को गेल्यापासून गॅरेजमध्ये, सुतळीनं बांधलेले.
गाठ सोडताना ती थांबली जराशी,
मग दातांनी ओढली.

माझ्यासमोर आलं जाहिरातीचं पान :
ओकचं डायनिंग टेबल, सहा खुर्च्यांसह, फक्त रविवारपर्यंत.
दोघांनी टोपली उचलून त्यावरच उपडी केली.
वाफेत कुणी दिसेना.
खुर्च्या आधी भिजल्या,
टेबल जरा तग धरून होतं.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
हात मनगटापर्यंत लोण्याचे.
खिशाखिशांत फोन वाजत होते, वाजून थांबत होते.
माझाही वाजला, तीनदा.
कुणाचा ते ठाऊक होतं.
मी नांगी फोडत होते,
आतलं मांस अख्खं निघतं का बघत होते.
निघालं.
डुकच्या मुलीनं हात पुढे केला,
तिला अजून दात नाहीत, तिला वास दिला.

शेवटी पेपरची चारही टोकं धरून गाठोडं केलं,
टरफलं, रविवार, खुर्च्या, सगळं आत.
घासायला फक्त पातेलं, तेही लॉरेटा घेऊन गेली.
बेनीनं दार परत बसवलं, वरचं खाली.
काल कोट काढायला उघडलं
तर खेकड्याचा वास आला.

कौमुदी आपली पातेली विसरून गेली.
फोन केला तर म्हणते,
असू दे गं तुझ्याकडेच,
येईन कधीतरी न्यायला.